हेड उचलण्याआधी बुडबुडे कुठून येतात ते पाहा

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि देखभाल

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे जुन्या ट्रकांच्या तापण्याविषयी आणि पाणी कमी होण्याविषयी आहेत. पहिल्या पत्रातील वाचकाला मोठ्या खर्चाचा निर्णय लगेच घ्यायचा असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनाचा जुना दहा चाकी टिपर आहे. मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्यानंतर तो काही वर्षे अंगणातच उभा होता. आता मी त्यातून सुटा माल भरून कर्नाटकात नेतो. सपाट रस्त्यावर त्रास नाही, परंतु मोले सोडून अनमोड घाट चढू लागलो की तापमानाचा काटा लाल पट्ट्याजवळ जातो. एका फेरीत तीन-चार लिटर पाणी घालावे लागते आणि ट्रकखाली मात्र थेंबही दिसत नाही. रेडिएटरचे झाकण काढून इंजिन चालू केले तर आत बुडबुडे येतात. मेस्त्रींच्या मते हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि सिलिंडरांवरचे झाकण म्हणजे हेड, यांच्यामधली सील) गेले आहे आणि हेड उचलावे लागेल. खर्च मोठा आहे. त्याआधी खात्री कशी करून घ्यावी? (एक वाचक, धारबांदोडा)

उत्तर : हेड उचलण्याचे काम तूर्त थांबवावे, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. मेस्त्रींचा अंदाज खरा असू शकतो, पण पत्रात सांगितलेल्या लक्षणांवरून तो सिद्ध होत नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे याचा अर्थ इतकाच की कुठला तरी वायू दाबाने पाण्यात शिरत आहे. तो वायू सिलिंडरमधला असेल तर दोष हेड गॅस्केटचा किंवा हेडला गेलेल्या तड्याचा. परंतु एअर ब्रेकच्या ट्रकवर दाबाखालच्या वायूचे आणखी एक उगमस्थान असते, आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच बसवलेला असतो आणि बहुतेक ट्रकांत त्याचे हेड थंड ठेवण्यासाठी इंजिनाचेच पाणी दोन बारीक नळ्यांनी त्यातून फिरवलेले असते. कॉम्प्रेसरच्या हेडचे छोटे गॅस्केट गेले की ब्रेकची हवा थेट पाण्यात शिरते. मग बुडबुडे दिसतात, दाब वाढून झाकणाची स्प्रिंग उचलली जाते, पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर सांडते आणि हवा अडकल्यामुळे इंजिन तापते. ट्रक उभा असताना खाली थेंब दिसत नाही, कारण पाणी चालत्या ट्रकमधून वाटेत सांडलेले असते. आपण लिहिलेली बहुतेक लक्षणे यात बसतात.

हे मी अनुभवाने शिकलो. अनेक वर्षांपूर्वी फोंड्याजवळच्या एका गॅरेजात मी फोरमन असताना असाच एक ट्रक आला होता. बुडबुडे पाहून आम्ही हेड उचलले. गॅस्केट बाहेर काढून उजेडात धरले, तर सहाही कड्या शाबूत होत्या. दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर जळाल्याचा काळा डाग कुठेही नव्हता. तरीही हेड फेसिंगला (तळ घासून सपाट करायला) पाठवले, नवे गॅस्केट घातले, सगळे बोल्ट क्रमाने आवळले. इंजिन चालू केले आणि रेडिएटरच्या तोंडाशी पुन्हा तेच बुडबुडे. मालकाचे चार दिवस आणि पुष्कळ पैसे गेले होते, आणि दोष निघाला कॉम्प्रेसरच्या तळहाताएवढ्या गॅस्केटमध्ये. तेव्हापासून एअर ब्रेकच्या गाडीत बुडबुडे दिसले की मी आधी कॉम्प्रेसर तपासतो.

तपासणीला कुठलेही खास हत्यार लागत नाही. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढावे आणि पाणी काठोकाठ भरावे. इंजिन चालू करण्यापूर्वी ब्रेकचे पेडल वारंवार दाबून टाक्यांतली हवा कमी करावी. अर्थात ट्रक सपाट जागी असावा आणि चाकांना ओंडके किंवा दगड लावलेले असावेत. आता इंजिन चालू करून थोडी रेस द्यावी. कॉम्प्रेसर हवा भरू लागेल आणि दाबाचा काटा वर चढत जाईल. एकाने काट्याकडे आणि दुसऱ्याने बुडबुड्यांकडे लक्ष ठेवावे. टाकी भरली की अनलोडरमधून (हवा भरणे थांबवणाऱ्या व्हॉल्व्हमधून) फुस्स असा आवाज येतो. त्या क्षणापासून कॉम्प्रेसर टाकीत हवा ढकलणे थांबवतो. त्या आवाजाबरोबर बुडबुडे थांबले किंवा एकदम कमी झाले, आणि ब्रेक मारून दाब उतरवल्यावर पुन्हा सुरू झाले, तर दोष कॉम्प्रेसरकडे आहे. आवाज झाला तरी बुडबुड्यांचा वेग तसाच राहिला, तर मात्र मेस्त्रींचे म्हणणे खरे ठरण्याची शक्यता वाढते. संशय उरला तर कॉम्प्रेसरला पाणी नेणाऱ्या दोन्ही नळ्या इंजिनाच्या बाजूने सोडून ती तोंडे तात्पुरती बंद करावीत आणि इंजिन दोन-तीन मिनिटे, त्याहून अधिक नव्हे, चालवून पाहावे. बुडबुडे थांबले तर दोष कॉम्प्रेसरचा; एवढ्याने प्रश्न निकालात निघतो.

कॉम्प्रेसरच्या दोषाची आणखी एक खूण असते. इंजिन बंद असताना पाण्यावरचा दाब कॉम्प्रेसरमधल्या दाबापेक्षा जास्त होतो, त्यामुळे थोडे पाणी उलट्या दिशेने त्याच्या सिलिंडरमध्ये उतरते आणि पुढे हवेच्या टाकीत जाते. टाकीचा खालचा कॉक उघडून पाहावा. गोव्याच्या दमट हवेत टाकीत रोज थोडे पाणी साचतेच, विशेषतः पावसाळ्यात, म्हणून चालक त्याकडे लक्ष देत नाहीत. परंतु ते पाणी हिरवट किंवा गुलाबी असेल, बोटांना बुळबुळीत लागत असेल, तर ते दमट हवेतले नव्हे, रेडिएटरमधले आहे. (रेडिएटरमध्ये साधे विहिरीचे पाणी घालणाऱ्यांना ही खूण मिळत नाही. रंगीत कूलंट वापरण्याचा हाही एक फायदा आहे.) टाकीत असे पाणी असेल तर ब्रेकच्या व्हॉल्व्हना धोका असतो, म्हणून ती दुरुस्ती होईपर्यंत घाटात जाऊ नये.

बुडबुडे कॉम्प्रेसरचे नाहीत असे ठरले, तर हेड गॅस्केटची परीक्षा करावी. थंड इंजिन झाकण लावून चालू करा आणि एक-दोन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज मुठीत दाबून पाहा. पाणी अजून कोमटही झालेले नसताना होज टणक झाला असेल, तर तो दाब उष्णतेचा असू शकत नाही. ज्वलनाचा वायू आत शिरत आहे. आपल्या इंजिनाला जुन्या पद्धतीचा डिझेल पंप असेल तर दोषी सिलिंडरही ओळखता येतो. इंजिन मंद गतीने चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट किंचित सैल करावा, म्हणजे तो सिलिंडर बंद पडतो. ज्या सिलिंडरच्या वेळी बुडबुडे कमी होतात तिथे दोष आहे. डिझेलचा फवारा त्वचेत घुसू शकतो, म्हणून नटावर जाड फडके धरावे आणि तोंड दूर ठेवावे. काही गॅरेजांत निळ्या द्रावणाची चाचणी करतात. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली असता कार्बन डायऑक्साइड असल्यास द्रावण हिरवट किंवा पिवळे पडते. डिझेल इंजिनात मंद गतीला कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कमी असते, त्यामुळे ही चाचणी इंजिन गरम करून आणि रेस देऊनच करायला सांगावे, नाहीतर दोष असूनही द्रावण निळेच राहते.

दोन्ही परीक्षांत काहीच सापडले नाही, तर हातपंपाची दाबचाचणी करून घ्यावी. रेडिएटरच्या झाकणावर जो दाब लिहिलेला असतो तेवढाच दाब थंड इंजिनात भरायचा आणि पंधरा मिनिटे थांबायचे. दाब उतरला तर टॉर्च घेऊन शोध घ्यावा. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक लहान भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतली सील गेली की पाणी तिथून झिरपते. ते भोक बंद करू नये. अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या ट्रकात ही सील कोरडी पडून कडक होते, होज आतून तडकतात आणि ब्लॉकच्या अंगावरचे पत्र्याचे गोल प्लग मागच्या बाजूने गंजून चाळणी होतात. आपल्या ट्रकाचा इतिहास पाहता हे तिन्ही तपासावेत. गरम लोखंडावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचत नाही, जागीच वाळतो आणि मागे पांढरा किंवा हिरवा क्षार ठेवतो. असा क्षाराचा ओघळ दिसला तर गळती तिथेच आहे.

दाब उतरतो आणि बाहेर कुठेच ओल नाही, अशी स्थिती असेल तर ऑइलची काडी काढून पाहावी. ऑइल दुधाळ झाले असेल तर पाणी त्यात जात आहे आणि इंजिन अजिबात चालवू नये. उलट ऑइल स्वच्छ असून रेडिएटरमध्येच तपकिरी साय आली असेल, तर ऑइल कूलरचा (इंजिनाच्या पाण्याने ऑइल थंड करणाऱ्या भागाचा) संशय घ्यावा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असल्यामुळे ऑइल पाण्यात जाते. सिलिंडरमध्ये पाणी साचल्याची शंका असल्यास स्टार्टर मारण्यापूर्वी इंजेक्टर काढणे अत्यावश्यक आहे, कारण पाणी दबत नाही आणि त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता घाटात तापण्याविषयी. पाणी कमी होणे थांबल्यावर तापणेही थांबेल, अशी आशा आहे. पण खाणीवर चाललेल्या ट्रकाबाबत मी एवढ्यावर समाधान मानणार नाही. टर्बोच्या गाडीत बहुधा रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) असतो आणि या दोघांच्या मधल्या चार बोटांच्या फटीत खाणीची तांबडी धूळ ऑइलच्या वाफेबरोबर बसून तिचा लेप तयार होतो. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. इंटरकूलरचे बोल्ट सैल करून तो थोडा पुढे ओढला आणि आत टॉर्च मारला, तरच तो लेप दिसतो. मी असे लेप बोटाच्या नखाने पापडासारखे सुटताना पाहिले आहेत. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूकडून पुढे मारावे, म्हणजे घाण ज्या वाटेने आली त्याच वाटेने बाहेर पडते. फार जोराचा फवारा नको, पातळ पट्ट्या वाकतात.

रेडिएटर आतून तुंबला आहे का, हे गरम इंजिन बंद केल्यावर कळते. पंखा थांबल्याची खात्री करून रेडिएटरच्या अंगावरून हात फिरवावा किंवा तापमान मोजणारी गन फिरवावी. आजूबाजूचा भाग गरम आणि मधला एखादा पट्टा गार लागला, तर त्या नळ्यांतून पाणी फिरत नाही. तांबे-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर टाकी उघडून नळ्यांत सळई मारून साफ करता येतो आणि गळका सांधा डाग (सोल्डर) देऊन बंद होतो. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण दहा ते पंधरा मिलिमीटरपर्यंत दबावा. पुलीची खाच तळाशी आरशासारखी चमकत असेल, तर बेल्ट तळाला टेकून घसरत आहे. अशा वेळी तो कितीही ताणला तरी घाटात पंप आणि पंखा मंदावतात.

दुरुस्ती होईपर्यंत चढावर एक गिअर खाली ठेवून चालवावे. वरच्या गिअरमध्ये इंजिन रडत चढले की उष्णता पूर्ण तयार होते आणि पंप-पंखे मात्र हळू फिरतात. काटा लाल पट्ट्याकडे गेला आणि पाणी शिल्लक असेल, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन लगेच बंद न करता थोड्या रेसवर चालू ठेवावे. पाणी संपलेच असेल तर मात्र तत्काळ बंद करावे. तापलेल्या इंजिनात ओढ्याचे गार पाणी ओतल्याने हेडला तडा जातो, आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडल्याने चेहरा भाजतो. झाकणाच्या दाबामुळेच आतले पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. बाहेरच्या हवेपेक्षा एक बार जास्त दाबाखाली साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंश सेल्सिअस असतो, आणि झाकण फिरवताच ते सगळे एकदम उकळून वर येते. वरचा होज हाताला सोसवेल इतका गार होईपर्यंत थांबावे, मग रात्र होवो की पाऊस पडो.

प्रश्न : माझा ट्रक धावत असताना तापत नाही, पण मुरगाव बंदराजवळ रांगेत अर्धा तास उभा राहिला की काटा चढतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कारणाने तापत होता तेव्हा थर्मोस्टॅट काढून टाकला आहे. आपल्याकडे थंडी नसल्यामुळे तो लागत नाही असे सांगण्यात आले. ते बरोबर आहे का? (एक ट्रकमालक, वेर्णे)

उत्तर : ते बरोबर नाही, आणि ही समजूत गोव्यात इतकी रुजलेली आहे की मला तिचे वाईट वाटते. अनेक इंजिनांतला थर्मोस्टॅट दोन कामे करतो. तापल्यावर तो रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी इंजिनातल्या इंजिनात पाणी फिरवणारी बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो. गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनात येतो. म्हणजे थंडाव्यासाठी काढलेला भाग भार पडल्यावर इंजिन तापवतो. सकाळी आणि रिकाम्या गाडीत उलटे होते : इंजिन पुरेसे गरमच होत नाही, डिझेल नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरते आणि लायनर (पिस्टन ज्यांत फिरतो त्या नळ्या) लवकर झिजतात. ज्या अंशाचा थर्मोस्टॅट मूळ इंजिनाला होता तोच नवा आणून बसवावा. नवा असला तरी बसवण्यापूर्वी भांड्यात पाणी आणि थर्मामीटर ठेवून चुलीवर तापवून पाहावा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे.

परंतु आपल्या तक्रारीचे मुख्य कारण बहुधा पंखा आहे. धावताना समोरचा वारा रेडिएटरला मिळतो, रांगेत फक्त पंख्याची हवा असते. पंख्याला व्हिस्कस क्लच (आतल्या घट्ट तेलाने पंखा फिरवणारा) असेल तर इंजिन गरम करून बंद करावे आणि पंखा हाताने फिरवावा. तो जड फिरायला हवा; ढकलल्यावर दोन-तीन फेऱ्या मोकळा फिरला तर क्लचमधले तेल गेले आहे. पंख्याभोवतीचे गोल आवरण फुटले असेल किंवा काढून ठेवलेले असेल, तर तेही परत लावावे, नाहीतर पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा घुसळत राहतो. आणखी एक लहानशी शक्यता : काट्याचा सेन्सरच चुकत असेल. थर्मोस्टॅटच्या घराजवळ गनने मोजलेले तापमान आणि काटा यांत मोठा फरक आला तर आधी सेन्सर बदलावा.

प्रश्न : रेडिएटरच्या बारीक गळतीवर आमचे चालक हळद टाकतात आणि गळती थांबतेही. त्यात काही चूक आहे का? शिवाय घरची विहीर असताना कूलंटवर खर्च करावा का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : रात्री घाटात अडकलेल्या चालकाने घरी पोहोचण्यापुरती हळद टाकली, तर मी त्याला दोष देणार नाही. ती भोकाशी जाऊन फुगते आणि भोक बुजवते. परंतु तिला गळके भोक आणि रेडिएटरची चांगली नळी यांतला फरक कळत नाही. उरलेली हळद अरुंद नळ्यांत आणि ऑइल कूलरमध्ये बसते. घरी आल्यावर दोन दिवसांत सगळे पाणी काढून, स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन, गळक्या जागेला डाग द्यावा. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद पावडरींनाही हेच लागू आहे.

विहिरीचे पाणी घालू नये. किनाऱ्याजवळच्या विहिरींत मिठाचा अंश असतो, आणि मीठ ॲल्युमिनियम आणि डागाचे कथील दोन्ही खाते. चिऱ्याच्या जमिनीतल्या पाण्यात लोह येऊ शकते, ते तळाशी गाळ होऊन बसते. बॅटरीत घालतात तसे क्षारमुक्त पाणी आणि इंजिनाच्या कंपनीने सांगितलेल्या जातीचे कूलंट निम्मे-निम्मे मिसळावे; डब्यावर तयार मिश्रण असे लिहिलेले असेल तर त्यात पाणी घालू नये. गोव्यात पाणी गोठत नाही हे खरे, पण कूलंट गंज रोखते आणि उकळण्याचे तापमान वाढवते. ओल्या लायनरच्या, म्हणजे लायनरला बाहेरून थेट पाणी लागते अशा इंजिनात त्याचे महत्त्व आणखी आहे. तिथे लायनरच्या थरथरीने पाण्यात सूक्ष्म पोकळ्या तयार होऊन फुटतात आणि बाहेरून लायनरला टाचणीएवढी भोके पडत जातात. कूलंटमधली रसायने ते रोखतात. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र करू नयेत, आणि केवळ रंग सारखा आहे म्हणून जात सारखी आहे असे मानू नये.

जुने कूलंट काढताना खाली घमेले ठेवावे. त्यातील ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. ते गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवून, वापरलेले ऑइल जिथे देता तिथेच ते घेतात का याची चौकशी करावी.